गुडघ्यात ‘वंगणाचे इंजेक्शन’ घ्यावे का?

प्रश्न

माझ्या आईचे वय ६८ असून गेली चार वर्षे तिचे दोन्ही गुडघे दुखतात, त्यातही उजवा अधिक. जिना चढण्यापेक्षा उतरताना तिला जास्त त्रास होतो, आणि बराच वेळ बसून उठल्यावर पहिली आठ-दहा पावले ती भिंतीचा आधार घेऊनच टाकते. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी झीज तिसऱ्या श्रेणीची असल्याचे सांगितले आणि हायल्युरॉनिक आम्लाची तीन इंजेक्शने, आठवड्याला एक याप्रमाणे, सुचवली आहेत. ‘सांध्यातले वंगण संपले आहे, ते बाहेरून भरू,’ हे स्पष्टीकरण आईला पटले. मला मात्र हे यंत्रात तेल घालण्याइतके सरळ वाटत नाही. याने झिजलेली कुर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) भरून येते का? शस्त्रक्रिया टळते का?

प्रतिसाद १

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकावा लागतो. वंगण ‘संपत’ नाही. निरोगी गुडघ्यातील द्रवात दर मिलिलिटरला साधारण २ ते ४ मिलिग्रॅम हायल्युरॉनिक आम्ल असते. झिजेच्या संधिवातात हे प्रमाण घटते, त्याचे लांबलचक रेणू तुटून आखूड होतात आणि द्रवाचा चिकटपणा जातो. बाहेरून तेच द्रव्य घालण्याची कल्पना यातूनच निघाली. अडचण अशी, की टोचलेले द्रव्य सांध्यात काही दिवस, फार तर काही आठवडे टिकते, आणि आराम मात्र सहा महिन्यांपर्यंत मिळेल असे सांगितले जाते. तेव्हा नुसत्या वंगणाने हा हिशेब जुळत नाही. दाह आणि वेदनेची जाणीव थोडी शमत असावी, असा एक तर्क आहे. कुर्चा भरून येते किंवा शस्त्रक्रिया खात्रीने टळते, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

२०२२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १६९ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातील मोठ्या चाचण्यांत, खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत वेदनेत पडलेला फरक १०० मिलिमीटरच्या पट्टीवर सुमारे २ मिलिमीटर एवढाच होता. गंभीर दुष्परिणामांचे प्रमाणही इंजेक्शन घेतलेल्यांत काहीसे अधिक आढळले.

प्रतिसाद २

आकडे खरे असतील, पण मला फायदा झाला, हेही सांगितले पाहिजे. माझा गुडघा सुजलेला होता, म्हणून डॉक्टरांनी आधी सुईने अर्धी सिरिंज पिवळसर पाणी काढले आणि मग त्याच सुईतून जेल सोडले. दोन दिवस गुडघा जड व गरम वाटला. तिसऱ्या आठवड्यापासून पुढे जवळपास पाच महिने बरे गेले. दीड वर्षाने पुन्हा घेतले तेव्हा काडीचाही फरक पडला नाही. पहिल्या वेळचा आराम जेलचा, पाणी काढल्याचा, की त्याच सुमारास नेटाने सुरू केलेल्या व्यायामाचा, हे मला आजही सांगता येणार नाही.

प्रतिसाद ३

वरच्या अनुभवातली शेवटची शंका रास्त आहे, कारण चाचण्यांत ज्यांना नुसते मिठाचे पाणी टोचले जाते, त्यांनाही बराच आराम पडतो. म्हणूनच तज्ज्ञ संस्थांचे एकमत नाही: उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये ही इंजेक्शने देऊ नयेत असे म्हटले, तर झिजेच्या संधिवातावर संशोधन करणाऱ्या ‘ओएआरएसआय’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी सशर्त मान्यता दिली. खुब्याच्या सांध्यासाठी मात्र ‘अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी’ या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचा २०१९ चा स्पष्ट नकार आहे.

पर्याय म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले जाईल. त्याने आराम लवकर पडतो, पण तो काही आठवडेच टिकतो. आणि दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते दिलेल्या रुग्णांत कुर्चा अधिक झिजल्याचे २०१७ च्या एका चाचणीत दिसले. माझ्या मते आईंनी आधी तीन महिने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम नियमित करावेत: खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच सेकंद धरायचा आणि सावकाश खाली आणायचा. वजन जास्त असेल तर एक किलो उतरल्यावर गुडघ्यावरचा भार पावलागणिक सुमारे चार किलोंनी हलका होतो. कंटाळवाणे आहे खरे, पण इंजेक्शन घेतले तरी हे चुकणार नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आई व्यायामाला तयार झाली आहे, मात्र इंजेक्शनचा विचार तिने सोडलेला नाही. ती रक्त पातळ करणारी गोळी घेते आणि तिला अंड्याची ॲलर्जी आहे. याने काही अडते का?

प्रतिसाद १

दोन्ही गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका. काही उत्पादने कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनवतात, तर काही जिवाणूंच्या किण्वनातून. अंड्याची ॲलर्जी असल्यास दुसऱ्या प्रकारचे मागावे. इंजेक्शननंतर दोन दिवस जिने, धावपळ आणि फार वेळ उभे राहणे टाळावे. थोडी सूज येणे नेहमीचे आहे, पण ताप आला किंवा गुडघा लाल होऊन पाय टेकवेनासा झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण सांध्यातला जंतुसंसर्ग विरळा असला तरी थांबत नाही.