सरकारवर छापून टीका केली तर आता कोणतं कलम लागतं?

गोदाकाठ
टँकरची बिलं, पीकविमा, रखडलेलं अनुदान यावर तालुक्याच्या साप्ताहिकात काही छापून आलं की 'राजद्रोह लावू' ही धमकी अजूनही ऐकू येते. राजद्रोहाचं कलम १२४अ तर गेलं ना? मग ठाण्यातून बोलावणं आलं तर आधी काय पाहायचं?

लातूरचा वकील
१२४अ सर्वोच्च न्यायालयानं ११ मे २०२२ ला थोपवलं आणि १ जुलै २०२४ पासून ते ज्यात होतं ती भारतीय दंड संहिताच गेली. आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं १५२ आहे. शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद. पण त्याला फुटीरता, सशस्त्र बंड असली चिथावणी लागते. कायदेशीर मार्गानं धोरण बदलावं म्हणून केलेली टीका गुन्हा नाही, हे कलमाखालच्या स्पष्टीकरणातच आहे. टँकरच्या बिलात १५२ कुठून येणार?

म्हणून आधी कलम विचारा. बहुतेकदा ३५३ (अफवा, चिथावणीची विधानं) किंवा १९६ (गटांत वैर) लावतात. एरवी दोन्हींत तीन वर्षांपर्यंत. तिथं नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली) १७३(३) कामाला येतं: शिक्षा तीन वर्षं किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी असेल तर गुन्हा नोंदवण्याआधी पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीनं १४ दिवसांत प्राथमिक चौकशी. लेखन-भाषणाच्या गुन्ह्यांत ती करणंच योग्य, असं सर्वोच्च न्यायालयाचा इम्रान प्रतापगढी निकाल (२८ मार्च २०२५) सांगतो. शब्दांचा परिणामही खंबीर माणसाच्या नजरेनं मोजायचा, जिथंतिथं धोका दिसणाऱ्याच्या नाही. वर १५२ चिकटवलं की शिक्षा जन्मठेपेवर जाते आणि चौकशीची ही पायरीच गळते. खरी गोम इथं आहे.

मथळेवाला
भाऊ, साप्ताहिकं अडकतात ती जास्त करून बदनामीत, न्याय संहितेचं कलम ३५६. ते अदखलपात्र, पोलीस परस्पर गुन्हा नोंदवू शकत नाहीत. मंत्री-अधिकाऱ्याच्या कामकाजाबद्दल असेल तर शासनाच्या मंजुरीनं सरकारी वकील सहा महिन्यांत थेट सत्र न्यायालयात जातो. नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी छापलं हेही दाखवावं लागतं. माहिती अधिकारातल्या शिक्का मारलेल्या प्रती, टँकरचं लॉगबुक जपून ठेवा. आणि मथळा सांभाळा राव! आत 'बिलांत तफावत' अन् वर 'साहेब चोर', मग आतल्या कागदांचा काय उपयोग?

गोदाकाठ
आणि तेच कात्रण व्हॉट्सॲपवर टाकलं तर?

लातूरचा वकील
कलमं तीच. नोटिशीत आयटी कायद्याचं ६६अ दिसलं तर लगेच लेखी हरकत घ्या, ते २४ मार्च २०१५ लाच रद्द झालंय. कोल्हापूरच्या प्राध्यापकाचा ३७० वरच्या स्टेटसचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये रद्द केला, तो निकाल जोडा. १५२, १९६ ला शासनमंजुरी लागते ती कोर्टानं दखल घेताना. गुन्हा नोंदवताना नाही. तेव्हा मंजुरी नाही म्हणून निवांत राहू नका. छत्रपती संभाजीनगर खंडपीठात गुन्हा रद्द करा म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या ५२८ खाली अर्ज करताना छापलेला अख्खा अंक लावा, नुसतं कात्रण नको.