अनुभव धागा: घरच्यांसोबत बघायचा सिनेमा कसा निवडता?

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. बाणेरच्या घरी हॉलमध्ये सासूबाई, आठ वर्षांची लेक, आम्ही दोघं. 'कौटुंबिक' म्हणून लावलेल्या सिनेमात विसाव्या मिनिटाला नको तो सीन. रिमोट सोफ्याच्या फटीत! सासूबाई हातातल्या चकलीकडे एकटक बघत राहिल्या. तुम्ही काय करता?

सदाशिव पेठ
आमच्या वाड्यात वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने यायचा. एका रात्रीत तीन कॅसेटी बघून पैसे वसूल. पहिली आजोबांच्या पसंतीची, ते घोरायला लागले की मारधाडीची. पंचाईत एवढीच, की ते मध्येच जागे व्हायचे.

वारजे
2021च्या नियमांपासून ओटीटीवर यू (सगळ्यांसाठी), यू/ए 7+, 13+, 16+ (त्याहून लहानांनी मोठ्यांसोबत बघायचं) आणि ए (फक्त प्रौढांसाठी) असे गट असतात. 13+ पासून पुढे लॉक लावायची सोय असते. मी लावलं. चिरंजीवांनी दुसऱ्याच दिवशी पिन ओळखला. स्कूटरचा नंबर होता, दुसरं काय! थिएटरच्या सिनेमांना हे वयाचे गट 2024मध्ये आले, त्यामुळे जुन्या सर्टिफिकेटवर नुसतं यूए. सातवाला की सोळावाला, तुम्हीच ठरवा. गटाशेजारची बारीक अक्षरं मात्र वाचा. हिंसा, शिवीगाळ तिथे लिहिलेली असते.

कोथरूड
चुंबन आलं की रिमोटची शोधाशोध, आणि डोकी फुटत असताना सगळे निवांत चिवडा खातात, हे मला कळत नाही. आमचा धाकटा तर यू सिनेमातला कुत्रा मेला म्हणून तीन रात्री आमच्यात झोपला. आता मी आधी एकटी बघते, भांडी घासताना, दीडपट वेगाने.

सहकारनगर
राष्ट्रीय पुरस्कारांतल्या बालचित्रपटांची यादी काढा. 2014चा 'एलिझाबेथ एकादशी' आम्हाला तसाच सापडला. पंढरपूर आणि सायकल. वाऱ्या केलेली आई दर पाच मिनिटांनी "थांबव, थांबव" म्हणून गल्ल्या ओळखत बसली. वैताग एकच: असा आवडलेला सिनेमा पुन्हा लावायला जावं, तर तो त्या ॲपवरून गायब! डीव्हीडी निदान कपाटात तरी राहायची.

बाणेर, पुन्हा मीच
भांडी घासतानाची युक्ती केली. सिनेमा चांगला निघाला, रात्री सगळ्यांसोबत लावला. लेक दोनदा म्हणाली, "आई, तू आधीच का हसतेस?"