टेक्सासमधला गर्भपाताचा कायदा: इथे राहणाऱ्यांना आणि पाहुण्यांना काय लागू?

प्रेषक: मदत गट

नमस्कार मंडळी,

गटाकडे तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच विचारून ठेवतो. विद्यार्थिनी, एच-४वरच्या (नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) वहिनी, सहा महिन्यांसाठी आलेल्या पाहुण्या, यांना इथला कायदा लागू होतो का? भारतातून गोळ्या आणल्या तर? शेजारच्या राज्यात जाऊन आलं तर परतताना त्रास होतो का? जाणकारांनी लिहावं. एक विनंती: कुणाचं नाव, गाव, आठवडे लिस्टवर टाकू नका. जुने मेल सगळ्या सभासदांना उघडता येतात.

---

प्रेषक: सभासद, डॅलस (वकिली)

नमस्कार,

हा कायदा व्हिसा बघत नाही. बी-२ या पर्यटक व्हिसावर आलेली नणंद, एफ-१वरची विद्यार्थिनी आणि अमेरिकन नागरिक, तिघींना टेक्सासच्या हद्दीत नियम एकच. २५ ऑगस्ट २०२२ पासून इथे गर्भपाताला पहिल्या दिवसापासून बंदी आहे. ‘सहा आठवड्यांपर्यंत चालतं’ असं अजून कानावर येतं, ते २०२१ साली आलेल्या कायद्याचं आहे. त्यावर विसंबू नका. बलात्काराला सूट नाही, बाळ जगणारच नाही अशा व्यंगालाही नाही. सूट फक्त आईच्या जिवाला धोका असेल किंवा शरीराचं एखादं मुख्य कार्य गंभीरपणे बिघडण्याची भीती असेल तर. त्यासाठी बाई अगदी शेवटच्या घटका मोजेपर्यंत डॉक्टरांनी थांबायची गरज नाही, हे २०२५ च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं.

शिक्षा होते ती करणाऱ्याला: जन्मठेपेपर्यंत कैद, किमान एक लाख डॉलर दंड आणि डॉक्टरचा परवाना रद्द. गर्भवती बाईवर या कायद्याखाली ना फौजदारी चालते, ना दिवाणी. दुसऱ्या राज्यात जाऊन तिथल्या कायद्याप्रमाणे गर्भपात करून घेणं हा टेक्सासमध्ये गुन्हा नाही. ‘ग्रीन कार्ड अडकेल’ ही भीतीही निराधार आहे. गर्भपात झाला म्हणून व्हिसा नाकारावा असं कलम इमिग्रेशन कायद्यात नाही.

गोळ्यांचं मात्र नीट वाचा. भारतात मिळणारं एमटीपी किट, म्हणजे गर्भपाताच्या गोळ्यांचं पाकीट (मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी, मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार) पापड-मसाल्यांबरोबर बॅगेत घालून आणायला कुणालाही सांगू नका. ४ डिसेंबर २०२५ पासून अशा गोळ्या टेक्सासमध्ये पुरवणाऱ्यावर, पाठवणाऱ्यावर कुणीही खाजगी माणूस किमान एक लाख डॉलरचा दावा लावू शकतो. गोळ्या टपालाने पाठवणं तर त्याआधीपासूनच गुन्हा आहे. गर्भवती बाईला सूट आहे. तिला पुडी आणून देणाऱ्या जाऊबाईंना नाही.

---

प्रेषक: सभासद, ऑस्टिन (स्त्रीरोग विभागातली परिचारिका)

दादांनी कायदा सांगितला, मी दवाखान्याची बाजू लिहिते.

आधी आठवडे मोजा. ‘तिसरा लागला’ एवढ्याने इथे काही ठरत नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं. पाळी २८ दिवसांची असेल तर ती चुकते त्या दिवशीच चार आठवडे पूर्ण झालेले असतात, आणि ‘दहा दिवस वर गेलेत’ म्हणजे जवळजवळ साडेपाच. पुढचं सगळं याच आकड्यावर ठरतं: गोळ्या की प्रोसीजर, कुठलं राज्य, किती खर्च.

दुसरी गोष्ट शब्दांची. आपल्या बोलण्यात आपोआप झालं तरी गर्भपात आणि करवून घेतला तरी गर्भपातच. भारतातले डॉक्टरही रिपोर्टवर ‘मिस्ड अबॉर्शन’, ‘इनकम्प्लीट अबॉर्शन’ लिहितात. ती रोगाची नावं आहेत: पहिल्याचा अर्थ गर्भाची वाढ आपोआप थांबली, दुसऱ्याचा अर्थ गर्भ पडला पण काही भाग आत राहिला. टेक्सासच्या कायद्यात मृत गर्भ काढणं आणि गर्भनलिकेतली गर्भधारणा काढणं, दोन्ही गर्भपाताच्या व्याख्येबाहेर आहेत. इमर्जन्सीत सांगताना ‘मिसकॅरेज’ म्हणा आणि जुना रिपोर्ट सोबत ठेवा.

तरीही अडतं ते सोनोग्राफीपाशी. ठोके नाहीत हे पक्कं म्हणायला गर्भाची लांबी किमान ७ मिलिमीटर असावी लागते, किंवा गर्भाभोवतीची पिशवी २५ मिलिमीटरची होऊनही आत गर्भ नसावा. त्याहून लहान असेल तर एक-दीड आठवड्याने पुन्हा बघतात. ते थांबणं वैद्यकीय आहे, टाळाटाळ नव्हे. माप पूर्ण असूनही पुन्हा या म्हणाले तर कारण विचारा आणि ‘हृदयाचे ठोके नाहीत’ हे वाक्य असलेला लेखी रिपोर्ट घ्या. गर्भ बाहेर पडावा म्हणून मिसोप्रोस्टॉल दिलं तर त्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून निदानही लिहून घ्या, नाहीतर फार्मसीच्या काउंटरवर खोळंबा होतो.

पॅड तासाला दोन, सलग दोन तास भिजत असतील, १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप चार तासांहून अधिक टिकला, किंवा एका बाजूला पोटात कळ येऊन चक्कर आली, तर थेट इमर्जन्सीत जा. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने तिथे तपासणी आणि जीव स्थिर करणं बंधनकारक आहे. त्याला ना विमा लागतो, ना व्हिसा.

व्यंगाचा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण तो उशिरा कळतो. दहाव्या आठवड्यानंतरची रक्ततपासणी फक्त शक्यता सांगते. खात्री करणारी, गर्भाभोवतीच्या पाण्याची तपासणी पंधराव्या आठवड्यानंतर होते आणि तिचा पूर्ण निकाल यायला साधारण दोन आठवडे जातात. मोठी सोनोग्राफी १८ ते २२ आठवड्यांत असते. तारीख देताना सरळ अठरावा आठवडा मागा. बाविसाव्यात काही दिसलं तर हातात दिवसच उरत नाहीत.

---

प्रेषक: सभासद, ह्यूस्टन

भारतात जाऊन करायचा विचार असेल तर: २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टर लागतात आणि ठरावीक कारण लागतं. गर्भातलं गंभीर व्यंग त्यात येतं. २४ नंतर व्यंगासाठी मेडिकल बोर्डाची मंजुरी लागते; आईचा जीव वाचवायचा असेल तर ही मर्यादा नाही. बाई सज्ञान असेल तर संमती तिची एकटीची, नवऱ्याची सही कायद्यात नाही. अविवाहितेलाही २४ आठवड्यांपर्यंत तोच हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला स्पष्ट केलं.

इथल्या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर बाळाचं लिंग छापलेलं असतं. भारतात नेण्यासाठी तो उल्लेख नसलेली प्रत लॅबकडून मागून घ्या. लिंगनिदानबंदीच्या कायद्यामुळे तिकडचे डॉक्टर असा कागद फाइलला लावायला धजावणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

निघण्याआधी पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प बघा. तो संपलेला असेल तर परतण्यासाठी कॉन्सुलेटची तारीख मिळवावी लागेल. व्हिसाचा प्रकार बदलायचा अर्ज इथे चालू असेल तर देश सोडताच तो सोडून दिला असं धरतात.

---

प्रेषक: सभासद, डॅलस (वकिली)

शेजारच्या न्यू मेक्सिको राज्याबद्दल राहिलं होतं. तिथे ना थांबायची सक्ती, ना कायद्यात आठवड्यांची मर्यादा. दवाखान्यांची आपापली मर्यादा असते, ती फोनवर विचारा. गोळ्या ७० दिवसांपर्यंत: पहिली पोटात, २४ ते ४८ तासांनी उरलेल्या चार गालात अर्धा तास धरून. सकाळी जाऊन रात्री परत असा बेत करणारे इथेच फसतात. दुसरी मात्रा तिथेच घ्यायची, म्हणजे दोन रात्रींचा मुक्काम धरा. फोनवरून डॉक्टर गाठला तरी बोलताना बाई न्यू मेक्सिकोच्या हद्दीतच असायला हवी.

डॅलसहून अमॅरिलोमार्गे अल्बुकर्की साधारण ६५० मैल, दहा तास, विमानाने दोन. एल पासो ते लास क्रूसेस जेमतेम पाऊण तास, पण त्या बाजूने गाडीने परतताना आय-१० महामार्गावर सिएरा ब्लँकाला बॉर्डर पेट्रोलचा तपासनाका लागतो. तिथे नागरिकत्व विचारतात, तब्येत नाही. पासपोर्ट आणि आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद) ची ताजी प्रत जवळ हवी, आणि ती तशीही नेहमीच बाळगायची असते. मुदतवाढ प्रलंबित असेल तर त्याची पावतीही ठेवा.

पैशाचं: टेक्सासच्या नियमांखालच्या विम्यात हे बसत नाही. मोठ्या कंपन्या स्वतःच्या पैशाने चालवतात त्या योजनांत कधी प्रवासासकट बसतं, एचआरला नव्हे, विम्याच्या फोन नंबरवर विचारा. आणि विम्यातून केलं तर खर्चाचं पत्रक पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याच्या पत्त्यावर जातं, म्हणजे नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या. नको असेल तर पत्ता बदलायची विनंती आधी करा, नाहीतर रोख भरा. गोळ्यांचा खर्च साधारण ५०० ते ८०० डॉलर.

अल्बुकर्कीचं घड्याळ आपल्या एक तास मागे आहे. फोनवर ठरलेली नऊची वेळ डॅलसच्या दहाची.