आजोबांची रशियन वही

प्रश्न: आजोबा १९७०च्या दशकात पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले, नंतर आई. आता मी शिकतेय, पण सहा विभक्तींवर अडलेय. आजोबांच्या वहीत प्रत्येक रूपाशेजारी मराठी प्रत्यय लिहिलाय. तसंच शिकू का?

उत्तर: जरूर! 'पेनने'ला 'रूच्कय', अगदी आपली तृतीया. 'घरात'ला मात्र 'व् दोम्ये': शब्दाचं रूप बदलतंच, शिवाय आधी 'व्' लागतो.

उत्तर: आघात (बोलताना शब्दात जोर कुठे येतो ते) वहीतून कळत नाहीत. 'झामक' म्हणजे किल्ला आणि 'झमोक' म्हणजे कुलूप, लिहायचं मात्र सारखंच! आजोबांना मोठ्यानं वाचायला सांगा.

प्रश्नकर्ती: काल सांगितलं. चष्मा शोधून तासभर वाचत बसले. स्वयंपाकघरातून आईही शब्द म्हणत होती.