इम्प्लाय की इन्फर? भाषांतरात अडकले आहे

प्रश्न:
एका इंग्रजी संशोधन अहवालाचं भाषांतर करतेय. लेखकाने एका परिच्छेदात 'द डेटा इम्प्लाय' लिहिलंय आणि लगेच पुढे 'वी इन्फर'. मी दोन्हीकडे 'सूचित होते' लिहून मोकळी झाले. संपादकांनी दुसऱ्या जागी लाल खूण करून पान परत पाठवलं. माझ्या शब्दकोशात तर 'सूचित करणे' हा अर्थ दोन्हींखाली आहे. दोन दिवस हेच डोक्यात घोळतंय.

प्रतिसाद १:
खूण बरोबर आहे. 'लेकी बोले सुने लागे' आठवा. सासू लेकीला बोलते पण रोख सुनेवर असतो, ते सासूचं इम्प्लाय करणं. सून ओळखते की हे आपल्यालाच आहे, ते सुनेचं इन्फर करणं. सासूच्या मनात तसं काहीच नसलं तरी सून इन्फर करू शकते, अगदी चुकीचंही. इम्प्लाय बोलणाऱ्याकडचं, इन्फर ऐकणाऱ्याकडचं.

शिवाय आकडे, पुरावे, मौन यांतूनही काही सूचित होतं, त्यामुळे तिथे इम्प्लाय चालतं. इन्फर करायला मात्र कोणीतरी विचार करणारं लागतं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायदर्शनातलं, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातलं, अनुमान म्हणजे नेमकं इन्फर. तुमच्या पहिल्या जागी 'आकडेवारीतून सूचित होते' राहू द्या, दुसरीकडे 'आम्ही असे अनुमान काढतो' करा.

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत, पण शब्दकोशाला दोष देऊ नका. इंग्रजी लेखक थॉमस मोरने १५२८ मध्ये हे दोन्ही शब्द आजच्या अर्थांनी वापरले आणि १५३३ मध्ये त्यानेच इन्फर जवळपास इम्प्लायच्या अर्थाने लिहिला. सरमिसळ इतकी जुनी आहे. त्यामुळे वाक्य कोणाच्या बाजूने आहे ते दर वेळी तपासावंच लागतं. इन्फरसोबत 'फ्रॉम' (म्हणजे 'वरून') असेल तर बहुधा अनुमानच.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार! सासूसुनेमुळे लख्ख कळलं. लगेच पूर्ण अहवाल पुन्हा चाळला. परिशिष्टातल्या एका मुलाखतीत उत्तर देणारा चिडून विचारतो, 'आर यू इन्फरिंग दॅट आय लाइड?' मी तिथे 'अनुमान' लिहिणार होते. पण तो समोरच्याच्या बोलण्यातल्या रोखावर चिडलाय, म्हणजे त्याला इम्प्लायच म्हणायचंय. आता असं केलंय: 'मी खोटं बोललो, असं सुचवायचंय का तुम्हाला?'