'डोया' म्हणणारे आळशी?

वऱ्हाडीत 'डोळा'चा 'डोया' होतो तो जिभेच्या आळसामुळे, असं एका वाचकाने लिहिलंय, ते मत काही पटलं नाही. आळस असता तर कधी झाला असता, कधी नसता. इथे काळा-काया, केळ-केय, अगदी नियमाने चालतं. त्याच 'ळ'चा कोकण किनाऱ्याकडच्या आगरी बोलीत 'ल' होतो. आता त्यांना काय म्हणणार? ब्रिटिश अधिकारी ग्रिअर्सनने केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली आला, म्हणजे बोलींची ही नोंद शंभर वर्षांहून जुनी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने अलीकडे गावोगावी जाऊन बोलणं ध्वनिमुद्रित केलंय, ते जरूर ऐका. बाकी कोल्हापूरकडची आमची मामी 'मी जातो' म्हणते. तिला व्याकरण शिकवायला जाऊन बघा एकदा!