मदत हवी आहे: डोक्याला मार लागल्यापासून बाबांचं लिहिणं गेलंय, स्पीच थेरपीने येतं का?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. बाबा ६१ वर्षांचे, कराडजवळ आमचं किराणा दुकान आहे. सात महिन्यांपूर्वी गाडीवरून पडले, डोक्याला डावीकडे मार लागला, ऑपरेशन झालं. आता चालतात, बोलतात, मधेच एखादा शब्द अडकतो तेवढंच, पेपरही हळूहळू वाचतात. पण लिहिणं पार गेलंय. अख्ख्या उधारीची वही स्वतः लिहिणारा माणूस, परवा 'साखर' लिहायला बसले तर आधी वरची रेघ ओढली, मग 'स', मग पेन तसंच धरून कितीतरी वेळ रेघेकडे बघत राहिले, शेवटी 'सरख' लिहून स्वतःच खोडलं. चुकलंय हे त्यांना कळतं ना, तोच जास्त त्रास आहे. हाताला ताकद आहे, पुडक्यावरचं बघून नीट उतरवतात, पुडकं उचललं की गेलं.

आत्याने अंकलिपी आणून दिली, गिरवा म्हणे. बाबांनी ती सरळ गल्ल्याखाली टाकली आणि दोन दिवस पेनला हात लावला नाही. इथल्या थेरपिस्टनी बोलणं चांगलंय की, मग कशाला थेरपी असं म्हणून परत पाठवलं. आता उशीर झालाय का? आणि बँकेत सही जुळत नाही ते वेगळंच.

प्रतिसाद: ताई, स्पीच थेरपिस्ट लिहिण्यावर पण काम करतात, असं लिहिणं जाण्याला अग्राफिया म्हणतात. आमच्या ह्यांना स्ट्रोकनंतर झालेलं, वर्षाने सुरू केलं तरी फरक पडला. बघून येतं आणि मनाने येत नाही म्हणजे हात ठीक आहे, शब्दाचं स्पेलिंग डोक्यातून बाहेर येत नाहीये. आम्हाला कॉपी अँड रिकॉल करायला सांगितलेलं. वस्तूचं चित्र समोर, शब्द चारपाच वेळा बघून लिहायचा, मग झाकून आठवून, चुकला की खोडत न बसता परत बघायचं, रोज अर्धा तास. पण यात घोटलेलेच शब्द जास्त सुधारतात, म्हणून अंकलिपी नको, त्यांना लागणारे पाच शब्द घ्या. पुण्यात भारती विद्यापीठाचं स्पीचचं कॉलेज आहे तिथे दाखवा, मुंबईला जमलं तर वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची सरकारी संस्था. कुठेही गेलात तरी थेरपिस्टचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन आहे का विचारा.

प्रतिसाद: बँकेचं म्हणाल तर आजारी माणसाचा अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार माणूस. मॅनेजरना आधी भेटा, आणि बाबांसमोर 'यांना येत नाही' असं बोलू नका, आमच्याकडे त्यावरून रामायण झालंय.

धागाकर्ती: खूप आभार दोघांचे!! पुण्याला फोन करते. शब्द बाबांनाच निवडायला सांगितले, साखर, गूळ, पोहे, बाकी, आणि पाचवा म्हणे 'उधारी बंद'. हे दोन झाले म्हटलं तर म्हणाले असूदेत, पाटी मीच लिहिणार.